आई चेंडू बघत नाही

ग्रीन बे, विस्कॉन्सिन

तीर्थरूप बाबांस,


आईची तब्येत उत्तम आहे. रात्री खानावळ बंद करून तुम्ही फोन लावता तेव्हा इथे रविवारचे दुपारचे बारा वाजलेले असतात आणि पॅकर्सचा सामना सुरू होत असतो. म्हणून ती उचलत नाही. रुसलेली वगैरे नाही.

या गावात दुसरा इलाजच नाही. वस्ती जेमतेम लाखभर, पण पॅकर्स हा अमेरिकन फुटबॉलचा संघ गावाच्या मालकीचा. कुणी शेठजी नाही, पाच लाखांवर भागधारक आहेत आणि लाभांश एक छदाम मिळत नाही. तिकिटाच्या प्रतीक्षायादीतच लाखावर नावं, तेव्हा आम्ही शेजारच्या आजोबांकडे टीव्हीसमोर बसतो.

पहिल्या सामन्यात आईला चेंडू दिसेचना. मग तिने जे दिसतं ते बघायला घेतलं: पुढच्या ओळीतले पाच धिप्पाड गडी. एकेक जण एकशे चाळीस किलोच्या आगेमागे. मधे सेंटर, त्याच्या दोन्ही अंगांना गार्ड, कडेला टॅकल. यांना कुणी चेंडू देत नाही. मागचा क्वार्टरबॅक सुखरूप राहावा आणि धावणाऱ्याला वाट मिळावी, एवढ्यासाठी दर खेपेला समोरच्याला अंगावर घ्यायचं. नाव पुकारलं जातं ते चुकले की. ‘आपल्या स्वयंपाकघरातल्या बायकाच की गं या,’ आई म्हणाली आणि तेव्हापासून ती त्या पाचांची झाली.

संघात माणसं 53, पण सामन्याच्या दिवशी मैदानात उतरवता येतात फार तर 48, आणि त्यात या ओळीचे साधारण आठच. म्हणजे जागा पाच आणि बदली तीन. एकाचा गुडघा गेला की दुसऱ्याने सरकायचं. आईला यात नवल वाटलं नाही. पोळ्यावाल्या मावशी दांडी मारतात तेव्हा भाजीवालीच लाटणं घेते, हे ती वीस वर्षं बघतेय. तिचा लाडका एल्गटन जेन्किन्स. 2020 मध्ये लेफ्ट गार्ड म्हणून गाजला, 2021 मध्ये डेव्हिड बाख्तियारी जायबंदी होता म्हणून डाव्या टॅकलला उभा राहिला, पुढच्या वर्षी उजव्या टॅकलला आणि 2025 मध्ये चक्क सेंटरला. तुमचे जावई म्हणाले, ‘त्यात काय, दोन पावलं इकडे-तिकडे.’ आजोबांनी त्यांना उभं करून दाखवलं. बाजू बदलली की मागचा पाय बदलतो, आधी भिडणारा हात बदलतो. टॅकलच्या बाहेरच्या अंगाला तर सोबतीला कुणी नसतं आणि समोर येतो तो प्रतिपक्षातला सगळ्यात चपळ राक्षस. आईने घरी येऊन डाव्या हाताने पोळी लाटून बघितली. ती पोळी जावयांच्याच पानात वाढली.

आजोबांना मराठी येत नाही आणि आईला इंग्रजी. त्यांची शिकवणी तुम्ही पाठवलेल्या सांगलीच्या भडंगावर चालते. टेबलावर शेंगदाणे मांडले की ती आपली ओळ, चिरमुरे म्हणजे प्रतिपक्ष आणि लसणाची तळलेली पाकळी म्हणजे चेंडू घेऊन धावणारा. डाव एकच, पॅकर्स स्वीप. 1958 च्या हंगामात हा संघ एकच सामना जिंकला होता. पुढच्या वर्षी व्हिन्स लोम्बार्डी प्रशिक्षक होऊन आले आणि त्यांनी हा डाव घोटून घेतला. दोन्ही गार्ड समोरच्याला सोडून मागे सरकतात आणि कडेकडे पळत सुटतात, त्यांच्या मागोमाग लसूण. उघड्या पडलेल्या जागेकडे सेंटरने झेप घ्यायची. टोकाचा टाइट एंड समोरच्या गड्याला, तो जिकडे झुकेल तिकडेच रेटतो आणि उरलेल्या बाजूने लसूण पसार. इथवर येईतो आईने निम्मे चिरमुरे खाल्लेले असतात, त्यामुळे आमच्या टेबलावर हा डाव कधीच फसत नाही.

लोम्बार्डींच्या वेळी तो फसायचा, पण क्वचित. काय येणार हे प्रतिपक्षाला ठाऊक असायचं, तरी थोपवता यायचं नाही. लोम्बार्डी या एका डावावर आठ तास बोलले होते, असं प्रशिक्षक जॉन मॅडन सांगायचे. 1961 मध्ये गार्ड जेरी क्रेमर जायबंदी झाला तर फॉरेस्ट ग्रेग नावाचा टॅकल आत सरकला. त्या वर्षी अजिंक्यपद मिळालं आणि 1967 पर्यंत आणखी चार मिळाली. एवढं काटेकोर घोटलेलं असलं की प्रत्येकाला शेजाऱ्याचंही काम पाठ होतं, हे माझं मत. आजोबा मान हलवतात, पण ते माझ्या मराठीलाही हलवतात.

आता मुद्द्याचं. तुम्ही मेन्यूत मंच्युरियन, पनीर टिक्का आणि तीन प्रकारचे नूडल्स घालताय, हे आईला काकूंकडून कळलं. तिचा निरोप जसाच्या तसा देते: ‘त्यांना म्हणावं, बोर्ड रंगवायला टाकला असेल तर रंगाऱ्याला थांबवा. सोमवारी मटकीची उसळ, गुरुवारी पिठलं-भाकरी, हे अख्ख्या गल्लीला माहीत आहे, तरी रांग लागतेच ना? आणि मावशींना आमटीची फोडणी शिकवून ठेवा. आठ तास लागले तरी चालतील.’

भडंग संपलंय. दोन किलो पाठवा आणि शेंगदाणे वेगळे जास्त घाला. आजोबांनी पुढचा धडा क्वार्टरबॅकला वाचवण्याचा काढलाय आणि आई आता आमचेही गडी खायला लागली आहे.

तुमची लेक