अर्थिंगकाका

नाव सोसायटीनं ठेवलेलं. मे महिन्यात कुंड्यांना पाणी नसलं तरी काका अर्थिंगच्या खड्ड्यात बादलीभर पाणी ओतणारच. खड्ड्यातलं कोळसा-मीठ सुकलं की रोध वाढतो, आणि जमिनीत मुरायचा करंट फ्रिजला हात लावणाऱ्याची चौकशी करू लागतो.

कोणाच्या वास्तुशांतीला गेले, की यजमान हॉल दाखवत असतो आणि हे दारामागचा डीबी उघडून उभे. "आरसीसीबी कुठाय?" हा त्यांचा आशीर्वाद. ३० मिलिअँपिअर करंट जरी अंगातून जमिनीकडे निसटला तरी ती सप्लाय तोडते, हे सांगून होईतो पेढे संपलेले असतात.

इमारतींच्या विजेचं डिझाइन हा त्यांचा धंदा. ट्रेसिंग पेपर आणि रॉटरिंगच्या पेनांवर सुरुवात केली, ऑटोकॅड आलं, आता थ्रीडी मॉडेल आलं. आर्किटेक्टांशी भांडण मात्र तेच. शाफ्ट! काका मीटरभर रुंदी मागतात. पहिल्या ड्रॉइंगात ती मिळतेही. दुसऱ्यात लिफ्ट सरकते, तिसऱ्यात मास्टर बेडरूमला वॉर्डरोब हवा असतो. साइटवर बघावं तर उरलेत ४५० मिलिमीटर, आणि त्यातूनच प्लंबरचा पाइप खाली उतरलाय.

"पाणी आणि वीज एकाच शाफ्टात? स्वतःच्या घरी कराल का हो?"

"काका, एलेव्हेशन बघा ना काय आलंय!"

यथावकाश शाफ्टाला दार लागतं आणि आत केबलच्या शेजारी सोसायटीचा झाडू आणि गणपतीचं मखर मुक्कामाला येतं. (काकांचा राग मखरावर नाही, थर्माकोलवर आहे.)

त्यांची खरी श्रद्धा डायव्हर्सिटी फॅक्टरवर. शंभर फ्लॅटमधले गीझर आणि एसी काही एका क्षणी चालू नसतात. सगळ्यांची बेरीज करून ट्रान्सफॉर्मर घेतला तर बिल्डर रडेल. म्हणून बेरजेला गुणक लावायचा, वर थोडी शिल्लक ठेवायची. मुलीच्या लग्नात हेच गणित त्यांनी केटररपुढे मांडलं.

"आमंत्रणं ८००. गुणिले ०.६. वर वीस टक्के फ्यूचर. ५७६ पानं धरा."

केटरर मुरलेला. "साहेब, गीझर पाळीपाळीनं लागतात. मुहूर्त साडेबाराचा आहे. पंगत एकदम बसते."

काकांनी वहीत ०.६ खोडून १ लिहिला. हरले असं कोणी म्हणू नये म्हणून एक स्टँडबाय आचारीही मागितला. मेन बंद पडला की दहा सेकंदांत सुरू होणारा.

सध्या काका पुन्हा फॉर्मात आहेत. उमेदीच्या काळात डिझाइन केलेल्या सोसायट्या त्यांना परत बोलावताहेत. चार पंखे, ट्यूबा, मिक्सर, फ्रिज धरून ज्या फ्लॅटला त्यांनी दोन किलोवॅट दिले होते, त्याच्या पार्किंगमधली एकटी इलेक्ट्रिक गाडी ७.४ किलोवॅट मागते. परवा एका मीटिंगला सेक्रेटरी म्हणाले, "रात्री ऑफिसातून आले की सगळेच चार्जिंगला लावतात हो."

"सगळेच? एकदम?"

"एकदम."

"म्हणजे पंगत," काका म्हणाले, आणि ट्रान्सफॉर्मरचा भाव विचारायला त्यांनी फोन लावला.