नाव पुकारल्यावर हजर राहावे

एका सरकारी रुग्णालयात कर्णबधिर मुलांना दिव्यांग प्रमाणपत्र देण्याचं शिबिर होतं. भाचीला घेऊन मी साडेनऊलाच पोचलो. दारावर सूचना चिकटवलेली: ‘नाव पुकारल्यावर हजर राहावे. तीनदा पुकारूनही न आल्यास गैरहजर समजण्यात येईल.’

यंत्रणेच्या चाणाक्षपणाचं कौतुक वाटलं. अर्धी तपासणी दारातच उरकली होती. जो हाकेला उठेल तो खोटा. जो उठणार नाही तो खरा, आणि जो खरा तो गैरहजर.

आता वाचकहो, तुम्हाला वाटेल की हा गृहस्थ शेवटी ‘खरी बहिरी तर व्यवस्थाच!’ असं म्हणून टाळ्या घेणार. छे! व्यवस्थेचे कान ठणठणीत आहेत, गोची तीच आहे. ज्यांना जन्मापासून उत्तम ऐकू येतं त्यांनीच ही सगळी मांडामांड केली. त्यामुळे कर्णबधिर मुलासाठी त्यांच्याकडे सोय एकच, आवाज वाढवणे. नाही कळलं? मोठ्याने सांगा. तरी नाही? पाटील सरांना बोलवा, त्यांचा आवाज खणखणीत आहे.

आमच्या शेजारी बसलेल्या मुलाच्या कागदावर 55 डेसिबल लिहिलं होतं, दोन्ही कानांना. साधं बोलणं साधारण 60 डेसिबलचं असतं. म्हणजे समोरच्याचं बोलणं त्याच्यापर्यंत पोचतं ते भिंतीपलीकडच्या कुजबुजीसारखं. पण 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात ‘ऐकू कमी येणारा’ म्हणजे दोन्ही कानांत 60 ते 70 डेसिबल ऱ्हास असलेला, आणि 70 झाला की कर्णबधिर. तेव्हा या मुलाला वर्गात ऐकू येत नसलं, तरी कायद्याला त्याचं ऐकू येतं. एकच कान गेलेल्याने तर रांगेत उभंच राहू नये. ‘दोन्ही’ हा शब्द तिथे नीट छापलेला आहे.

भाचीच्या शाळेने मात्र तिच्यासाठी पुष्कळ केलंय. तिला पहिल्या बाकावर बसवलंय. बाक खिडकीशी, खिडकीखाली रिक्षाथांबा, डोक्यावर कुरकुरणारा पंखा. कानातलं यंत्र फार निःपक्षपाती असतं. बाई, पंखा, रिक्षा, मागे सरकवलेला बाक, सगळ्यांना ते सारखं मोठं करून आत सोडतं. बाईंनी गळ्यात अडकवायचा छोटा माइक मिळतो. त्यातून त्यांचा आवाज थेट यंत्रात उतरतो. माझ्या बहिणीने तो विकत आणून दिला. उत्तर आलं, ‘एकीसाठी असं केलं तर बाकीच्या मुलांवर अन्याय होईल.’ बाकीच्या एकोणसाठ मुलांनी यावर काहीच तक्रार केली नाही, हा भाग वेगळा.

मग उरले ओठ. बाई फळ्याकडे वळल्या की तेही जातात. पण समोर असले तरी मराठी काही कमी खट्याळ नाही. ‘पापा’, ‘बाबा’ आणि ‘मामा’ आरशासमोर उभं राहून, आवाज न काढता म्हणून पाहा. तिन्ही सारखेच! आमच्या भाचीच्या घरात त्यामुळे वडील आणि मी एकाच माणसात मोडतो. आणि ‘काका’ तर ओठांवर येतच नाहीत, ते सगळं काम आत घशाशी उरकतात.

‘मग हिला खुणांची भाषा शिकवूया की,’ असं मी शाळेत भीत भीत म्हटलं. ‘नको! खुणा शिकली तर बोलायची नाही.’ हे मत अगदी जुनं, मानाचं आहे. 1880 साली मिलान शहरात कर्णबधिरांच्या शिक्षणावर परिषद भरली आणि जवळजवळ सगळ्या ऐकू येणाऱ्या प्रतिनिधींनी ठरवलं की शिकवायचं ते बोलूनच. 2010 साली व्हँकुव्हरच्या परिषदेने तो ठराव नाकारून खेद व्यक्त केला. एकशे तीस वर्षं! त्या मानाने आपल्या तालुक्याच्या फायली वाऱ्यासारख्या पळतात.

आपल्याकडे कागद कमी आहेत असं कुणी म्हणू नये. सांकेतिक भाषा जाणणारे शिक्षक नेमावेत, असं कायदा सांगतो. ही भाषा देशभर एकसारखी करावी, असं 2020 चं शैक्षणिक धोरण म्हणतं. दिल्लीच्या सरकारी केंद्राने 2021 पर्यंत दहा हजार शब्दांचा चित्रफितींचा कोश काढला. भाची त्यावरूनच शिकली, मोबाइलवर, रात्री अंथरुणात. शाळेत तिच्याशी त्या भाषेत बोलायला कुणी नाही, म्हणून ती माझ्याशी बोलते. मला सध्या ‘भूक’, ‘अभ्यास’ आणि ‘मांजर’ येतं.

असो. एक वाजला. आमचं नाव केव्हा पुकारलं कळलं नाही, कारण त्या गोंगाटात मीही रिक्षाथांब्याजवळ बसल्यासारखाच. खिडकीपाशी गेलो. आतल्या शिपायाने तोंडात तंबाखू असल्याने एक शब्द उच्चारला नाही. आधी पाच बोटं एकत्र करून तोंडाशी नेली: साहेब जेवताहेत. मग मनगटावर टिचकी मारून दोन बोटं दाखवली: दोन वाजता. पंजा हलवला: गैरहजर लागलेत. मी चेहरा पाडला, तेव्हा त्याने इकडेतिकडे पाहून अंगठा तर्जनीवर हळूच घासला. ही खूण काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत एकसारखी आहे, धोरणाच्या कितीतरी आधीपासून.

भाची त्याच्या हातांकडे डोळे मोठे करून पाहत होती. इतका वेळ, इतकं स्पष्ट तिच्याशी कुणी मोठं माणूस बोललंच नव्हतं. माझी बाही ओढून तिने खुणेने विचारलं,

‘हे आमच्या शाळेत शिकवायला येतील?’