लाईन ओळखण्याची शास्त्रोक्त पद्धत
(तामलवाडी परिसरात प्रथमच येणाऱ्या पाहुण्यांसाठी)

सोलापूरहून तुळजापूरला निघालात आणि तामलवाडीचा टोलनाका आला, की इंग्रजी-मराठी शब्दकोश गाडीतच ठेवून उतरावे. ‘लाईन म्हणजे रेषा’ असे त्यात छापलेले असते. या पट्ट्यात तो अर्थ शाळेतल्या फूटपट्टीपुरताच शिल्लक आहे. बाकी कामकाज पुढील नियमांनी चालते.

नियम 1 : नाम सोडा, क्रियापद धरा.
लाईन ‘गेली’ म्हणजे वीज गेली. लाईन ‘फुटली’ म्हणजे विहिरीपासून रानापर्यंत पुरलेला पाईप फुटला. पोरगा लाईनला ‘लागला’ म्हणजे पोटापाण्याला लागला. एखाद्याला लाईनीवर ‘आणतो’ ही धमकी आहे. लाईन ‘मारतो’ हे कानावर आलेच, तर पाहुण्याने पाणी मागावे आणि विषय पावसाकडे न्यावा.

नियम 2 : लाईन आणि लाईट यांत गल्लत करू नये.
घरात बल्ब लख्ख जळत असतो, टीव्हीवर मालिका चालू असते आणि यजमान कपाळाला हात लावून सांगतात, “लाईन न्हाई!” ते खोटे बोलत नसतात. घरात असते ती लाईट. रानातली मोटार ज्यावर चालते, ती थ्री फेजची वीज म्हणजे लाईन. ती शेतीपंपाला आठ तास मिळते, कधी दिवसाची पाळी, कधी रात्रीची. त्यामुळे “लाईन कधी हाय?” या प्रश्नाचे उत्तर वार आणि वेळ यांतच द्यावे.

नियम 3 : स्थळ पाहावे.
तुळजापुरात देवीच्या दारी लाईन म्हणजे रांग. त्यातही धर्मदर्शनाची वेगळी, मुखदर्शनाची वेगळी. चुकीच्या लाईनीत शिरल्यास मागचे भाविक योग्य तो अर्थ समजावून सांगतात. एखादे आजोबा म्हणाले, “आमची जमीन लाईनीत गेली,” तर “मग आता विजेची चिंता मिटली!” असे म्हणू नये. ती सोलापूर-तुळजापूर-धाराशिव रेल्वेची लाईन. सुमारे 84 किलोमीटरच्या या मार्गाचे भूमिपूजन जानेवारी 2019 मध्ये सोलापुरात झाले. इथे फक्त “मोबदला किती बसला?” एवढेच विचारावे.

नियम 4 : स्थळ पाहायला आला असाल, तर जास्त जपावे.
“पोरगं कुठल्या लाईनला हाय?” या प्रश्नाला मेडिकल लाईन, आयटीआय लाईन ही उत्तरे चालतात. ट्रकवर असेल, तर ‘हैदराबाद लाईन’ हेही चालते. ‘सध्या ऑनलाईन असतो’ हे उत्तर दिल्यास चहावरच बोळवण होईल.

व्युत्पत्ती
हा शब्द लॅटिन ‘लिनम’वरून आला. लिनम म्हणजे जवस. जवसाच्या वाखाचा ताणलेला दोरा, ती मूळची लाईन. म्हणजे ज्या जवसाची चटणी आपण पिढ्यान्‌पिढ्या भाकरीसोबत खातो, त्याचाच दोरा साहेबाने शब्द करून परत पाठवला. तेव्हा हा शब्द परका म्हणून नाक मुरडण्याचा अधिकार कुणालाच नाही.

स्वाध्याय
पुढील वाक्याचा ‘लाईन’ न वापरता अर्थ सांगा : “लाईन आली म्हणून मोटार चालू केली, तर लाईन फुटलेली, ती जोडेस्तोवर लाईन गेली.”
दोन मिनिटांत जमल्यास आपण उत्तीर्ण. न जमल्यास लाईनमनला विचारावे. मात्र तो कोणत्या लाईनवर आहे, हे आधी शोधावे लागेल.

शेवटची सूचना : रात्री दोन वाजता अंगणातून “लाईन आलीऽऽ” अशी आरोळी आली, तर अर्थ लावत बसू नका. बॅटरी घ्या आणि यजमानांच्या मागे विहिरीकडे निघा. आठ तास सुरू झालेले असतात.