नंदी मागे राहिला

डेबियन लिनक्स या संगणकप्रणालीवर नवं काही बसवायचं तर काळ्या पडद्यावर प्रोग्राम बसवून देणाऱ्या ‘ॲप्ट’ला हुकूम सोडायचा. मागणं साधंच असतं, फोटो पाहायचा एखादा प्रोग्राम. पण वसमतच्या मळ्यात एका हळकुंडासाठी कुदळ घालावी आणि जेठा गड्डा, बगलगड्डे, उपहळकुंडं असं सगळं गणगोत मातीसकट वर यावं, तसं होतं. त्या प्रोग्रामला रंगांची लायब्ररी लागते, लायब्ररीला आणखी कुणीतरी लागतं. ॲप्ट सगळ्यांची नावं वाचून दाखवतो, जागा किती लागेल ते सांगतो आणि अदबीनं विचारतो, पुढे जाऊ ना? इतकी विचारपूस आमच्याकडे सोयरीक जुळवतानाही होत नाही. १९९८ सालापासूनची ही अदब. आणि तिच्या पोटात एक खोडीही आहे. ‘ॲप्ट-गेट मू’ असं लिहिलं की अक्षरांची एक गाय उभी राहते आणि विचारते, आज हंबरलात का?

जुनं बदलताना मात्र ॲप्टचा ‘अपग्रेड’ हा हुकूम फार भिडस्त. एकाला नवं करण्यासाठी दुसऱ्याला घराबाहेर काढावं लागणार असेल, तर तो दोघांनाही हात लावत नाही. ‘मागे ठेवलं’ एवढी नोंद करून पुढे सरकतो. ती नोंद दिसली की मला औंढा नागनाथचं देऊळ आठवतं. नामदेवांना कीर्तनासाठी देवळामागे पाठवलं, तेव्हा अख्खं देऊळच त्यांच्याकडे तोंड करून फिरलं, असं सांगतात. कीर्तन चालूच होतं. काही बंद करून पुन्हा सुरू करावं लागलं नाही. फक्त नंदी फिरायचा राहिला. तो आजही देवळाच्या पाठीशी बसून आहे, आणि मला तो तिथंच बरा वाटतो. सगळ्यांनी एकाच रात्री फिरलं पाहिजे असं थोडंच आहे?

आता त्याच औंढ्याजवळ लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा उभी राहायची आहे. २०२३ साली केंद्रानं तिला २,६०० कोटी मंजूर केले. ४ किलोमीटरच्या दोन भुजा, आणि टिपायची ती प्रोटॉनच्या १०,०००व्या हिश्श्याएवढी हालचाल, कुठं तरी दूर दोन कृष्णविवरं एकमेकांत विरघळली त्याची. अमेरिकेतल्या लायगोच्या नियंत्रणाला डेबियन आहे. इथंही तेच आलं तर ती गायही सोबत येणार. ट्रकची, गुरांच्या खुरांची थरथर या यंत्राला खपत नाही, पण या गायीला आत मज्जाव नाही. रात्रपाळीचा एखादा इंजिनिअर तिला बोलावील, आसपास कुणी नाही असं पाहून हळूच हंबरेलही. मग ती थरथर कुठल्या तारकाविश्वातून आली, याचा खल पुण्याच्या आयुका या खगोलसंस्थेत चार दिवस चालेल.