सकाळी सहाचं काम साडेअकराला : क्रॉन लावण्याची सोपी रीत

तुमच्या सोसायटीची वेबसाइट आहे आणि ती सांभाळता तुम्हीच. कारण मीटिंगमध्ये ‘कॉम्प्युटरमधलं कोणाला कळतं?’ हा प्रश्न आला, तेव्हा मान खाली घालायला तुम्हाला जरा उशीर झाला. आता सेक्रेटरींची फर्माइश आहे की मेंटेनन्स थकवणाऱ्यांना आपोआप ई-मेल जावा. पीएचपीची स्क्रिप्ट लिहून झाली आहे, ब्राउझरमध्ये पत्ता टाकला की ती चालतेही. ती ठरल्या वेळी कुणी न उठवता चालावी, एवढंच उरलंय. त्यासाठी क्रॉन. १९७९ सालच्या युनिक्सच्या सातव्या आवृत्तीतही तो होता आणि लिनक्सच्या बहुतेक सर्व्हरवर आजही असतो. इतकी वर्षं टिकलेल्या वस्तूचं मॅन्युअल कोण वाचतं? तुम्हीही वाचू नका.

टर्मिनलवर क्रॉनटॅब असं टाइप करून पुढे हायफन ई लिहा. यादी उघडेल. एका कामाला एक ओळ. ओळीच्या सुरुवातीला पाच रकाने: मिनिट, तास, तारीख, महिना, वार. त्यापुढे काय चालवायचं ते. पंचांगाचीही अंगं पाचच, तेव्हा आपल्याला हे जड जाऊ नये.

जो रकाना कळणार नाही त्यात स्टार टाका. स्टार म्हणजे ‘कोणतंही चालेल’. रोज सकाळी नऊला पत्र जायला हवं ना? मग तासात ९ आणि बाकी चारही ठिकाणी स्टार. मिनिटालाही कोणतंही चालेल असं तुम्हीच म्हटल्यामुळे क्रॉन ९ वाजता पत्र धाडेल, ९ वाजून १ मिनिटाने धाडेल, असं करत ९:५९ पर्यंत धाडत राहील. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंकडे चारशे रुपये बाकी असतील, तर त्यांना तासाभरात ६० पत्रं पोचतील. मिनिटाच्या रकान्यात शून्य लिहिलं असतं तर एकच गेलं असतं. पण मग वेबसाइट जोरात चालू आहे हे सेक्रेटरींना कसं कळलं असतं?

तारीख आणि वार हे दोन रकाने मात्र एकत्र भरून बघाच. खरी मजा तिथे आहे. मंगळवार आणि संकष्टी एका दिवशी जुळल्या तरच आपण अंगारकी म्हणतो. तारखेच्या रकान्यात तिथी लिहिता येत नाही ते बरंच आहे, नाहीतर क्रॉनने प्रत्येक मंगळवारी उपास केला असता आणि प्रत्येक संकष्टीलाही. दोन्ही रकाने भरले की त्यांतलं कुठलंही एक जुळलं तरी त्याला पुरतं. त्यामुळे महिन्याच्या पहिल्या रविवारी मीटिंगची सूचना जावी म्हणून तारखेत १-७ आणि वारात ० लिहिलंत, तर ती पहिले सात दिवस रोज जाईल आणि नंतरच्या प्रत्येक रविवारीही. महिन्यात दहा नाहीतर अकरा वेळा. (रविवार ० लिहिला काय नि ७ लिहिला काय, बहुतेक ठिकाणी दोन्ही चालतं. एवढ्या बाबतीत क्रॉन उदार आहे.)

जाणकार सांगतील की तारखेत १-७ ठेवा, वारात स्टार, आणि आज रविवार आहे का हे पुढच्या आज्ञेतच तपासा. करा तसं. डेट ही आज्ञा वापरा, तिला टक्क्याचं चिन्ह द्या, टर्मिनलवर चालवून बघा, उत्तर बरोबर येतं याची खात्री करा आणि मग ती जशीच्या तशी यादीत चिकटवा. क्रॉनच्या यादीत टक्क्याचा अर्थ ‘इथे ओळ संपली’ असा होतो. त्याच्या आधी उलटी तिरकी रेघ द्यावी लागते, पण ते मॅन्युअलमध्ये लिहिलंय आणि मॅन्युअल न वाचायचं आपलं आधीच ठरलंय.

वेळ आपल्या घड्याळाप्रमाणे लिहा. सर्व्हरचं घड्याळ बहुधा जागतिक प्रमाणवेळेवर असतं आणि आपण तिच्या साडेपाच तास पुढे, म्हणून सकाळी सहाचं काम साडेअकराला होईल. हिशेब करून ०:३० लिहिणारे लोक असतात, नाही असं नाही. त्यांच्यासाठी पुढचा पेपर: सोमवारी पहाटे चारला बॅकअप हवा असेल तर वार कोणता? रविवार, २२:३०. आणि एक तारखेला रात्री बारा वाजून पाच मिनिटांनी नवं बिल काढायचं असेल तर? आदल्या महिन्याचा शेवटचा दिवस, १८:३५. शेवटचा दिवस कधी २८ तारखेला येतो, कधी ३१ ला, आणि साध्या क्रॉनमध्ये ‘महिनाअखेर’ लिहायची सोय नाही. बिल सकाळी सहाला काढलं तर कुणाचं काही बिघडत नाही, पण सेक्रेटरींना बाराच हवेत.

आता आज्ञा. नुसतं पीएचपी आणि फाइलचं नाव लिहा, पूर्ण मार्ग देत बसू नका. तुम्ही लॉगिन केल्यावर सर्व्हरला जे ठाऊक असतं त्यातलं फारच थोडं क्रॉनला ठाऊक असतं, त्यामुळे पीएचपी कुठे आहे आणि फाइल कोणत्या फोल्डरात आहे हे त्याला सापडेलच असं नाही. त्यापेक्षा डब्ल्यूगेटने ब्राउझरमधलाच पत्ता उघडायला लावा. पत्त्याला अवतरणचिन्हं लावू नका. त्यात अँडचं चिन्ह असेल तर आज्ञा तिथेच तुटेल आणि ‘महिना=७’ हा पुढचा तुकडा निराळा, निरुपद्रवी भाग समजून गिळला जाईल. तक्रार येणार नाही. शिवाय डब्ल्यूगेट दर खेपेला आलेलं पान फाइल म्हणून साठवतो. दर पाच मिनिटांनी चालवलंत तर दिवसाला २८८ फाइली.

काम सात मिनिटांचं असेल तरी ते दर पाच मिनिटांनीच लावा. आधीचं उरकलंय का हे क्रॉन विचारत नाही. फ्लॉकसारखं कुलूप लावायची तसदी तुम्ही घेतली नाहीत तर दोन्ही एकमेकांच्या उरावर चालतात.

काही चुकलंच तर क्रॉन गप्प बसत नाही बरं का. स्क्रिप्टने जे काही छापलं त्याचं पत्र तो सर्व्हरवरच्या तुमच्या खात्याला पाठवू बघतो. ती पेटी तुम्ही कधी उघडलेली नसते, कित्येक सर्व्हरवर ती नसतेही. तरीही धोका नको, म्हणून ओळीच्या शेवटी सगळं आउटपुट डेव्ह-नलमध्ये फेकायची सोय करा. लॉगची फाइल ठेवलीत तर एखाद दिवशी ती वाचावी लागेल.

शेवटी यादी पुन्हा एकदा तपासून घ्या, आणि हायफन ई दाबताना जरा घाई करा. कीबोर्डवर ईच्या शेजारीच आर आहे. हायफन आर म्हणजे पूर्ण यादी रद्द, आणि ‘नक्की का?’ असं कुणी विचारत नाही. यादीची प्रत रोज रात्री फाइलमध्ये ठेवायचं काम क्रॉनलाच लावलं असेल, तर यादीबरोबर तेही पुसलं जातं, त्यामुळे निदान कालची प्रत रिकाम्या यादीखाली दबत नाही. ती कोणत्या फोल्डरात ठेवली आहे, ते यादीत लिहिलेलं होतं.