सरळ झाडाची वाकडी चौकशी

निवृत्त झालेल्या मास्तराला शाल मिळते, श्रीफळ मिळतं आणि दुसऱ्या दिवशी सकाळपासून करायला काहीच मिळत नाही. माझी ही तिसरी अडचण ओळखून पुण्यातल्या भाच्याने मला एक बोन्साय आणून दिलं. तपकिरी पसरट कुंडी, त्यात दीड वीत उंचीचं झाड, पोटात कळ आल्यासारखं वाकलेलं आणि अंगभर तार गुंडाळलेलं. "मामा, पाइन आहे. जपा," एवढं बोलून तो गाडीत बसला. "पाइन म्हणजे कुठलं पाइन?" हा माझा प्रश्न त्याच्या गाडीमागे कळंबपर्यंत तरी धावला असेल.

नारायणगावात बिननावाचं झाड घरात असणं ही साधी गोष्ट नाही. इथे टोमॅटोच्या रोपाला चार पानं फुटली की रस्त्याने जाणारा माणूस थांबून व्हरायटी सांगतो. माणसाचंही तेच. कुठले, कुणाचे, आडनाव काय, मामा कुठले, एवढं झाल्याशिवाय चुलीवर चहाचं आधण चढत नाही. मी तीस वर्षं वर्गात 'कुणाची जात विचारू नये' असं शिकवलं. आणि आता महिनाभर ओट्यावर बसून येईल त्याला "याची जात कोणती हो?" असं विचारत होतो.

पहिले आले शेजारचे तात्या. "सुरू आहे," त्यांनी उंबऱ्यातूनच निकाल दिला. "अलिबागला ढिगानं आहेत." आता सुरूची एक खूण आहे. त्याची पानं म्हणून जी दिसतात त्या खरं तर बारीक हिरव्या काड्या असतात, पेरापेरांच्या. ओढली की काडी पेराशी सुटते. खरी पानं म्हणजे त्या पेरांभोवतीचे डोळ्यांना जेमतेम दिसणारे खवले. मी आमच्या झाडाची एक सुई तात्यांच्या देखत ओढली. पेर नाही, काही नाही, सबंध सुई हातात आली. तात्या क्षणभर गप्प झाले. मग म्हणाले, "मग हा दुसऱ्या प्रकारचा सुरू."

चारधाम करून आलेल्या एका काकूंनी देवदार ठरवला. कुठे पाहिला, तर बसमधून. कधी, तर डोळा लागायच्या आधी. औषधांच्या दुकानदाराने मात्र वेळ घालवला नाही. "नाव राहू द्या सर, दोन फवारे देतो," असं म्हणून तो बाटली काढायला लागलासुद्धा.

मग हिच्या माहेरचे एक आजोबा आले. आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यातले, जन्म भीमाशंकरच्या रानात हिरडा गोळा करण्यात गेलेला. ते झाडासमोर उकिडवे बसले. एक सुई चुरगळून नाकाशी धरली. बराच वेळ धरली. "राळंचा वास हाय. आपल्या डोंगरातलं न्हाई. नाव मला ठाव न्हाई."

पंधरा दिवसांत 'ठाव नाही' म्हणणारा हा पहिला माणूस, आणि बरोबर असणाराही पहिलाच. सह्याद्रीत पाइन आपणहून उगवत नाही. आपल्या देशातले पाइन हिमालयातले आणि ईशान्येच्या डोंगरांतले. राळ त्यांचीच. गावात गेले पंधरा दिवस जी उडत होती ती वेगळी.

खरं तर हा प्रश्न विचारायला योग्य माणूस इथून जवळच होता. जुन्नर तालुक्यात हिवऱ्याला सरकारी औषधी वनस्पतींची बाग होती आणि ती डॉक्टर अलेक्झांडर गिब्सन यांच्या देखरेखीखाली होती. हे गृहस्थ १८४७ साली मुंबई इलाख्याचे पहिले वनसंरक्षक झाले आणि १८६१ मध्ये डाल्झेल यांच्याबरोबर त्यांनी 'बॉम्बे फ्लोरा' हा ग्रंथ काढला. कुंडी घेऊन हिवऱ्याला जायला एस.टी.ची सोयही आहे. फक्त मी दीडशे वर्षं उशिरा निवृत्त झालो.

शेवटी पुस्तकं आणली. त्यांचं म्हणणं असं की पाइनचं कूळ सुयांच्या झुबक्यावरून कळतं. बुडाशी कागदी आवरणात बांधलेली जी बारीकशी जुडी असते, तिच्यातल्या सुया मोजायच्या. तीन निघाल्या तर बहुधा आपला हिमालयातला चीड. संस्कृतात त्याचं नाव सरल. कालिदासाच्या 'कुमारसंभवा'त हत्ती गाल खाजवतात ते याच झाडाला आणि त्याच्या चिकाच्या वासाने शिखरं दरवळतात. सरल म्हणजे सरळच. त्या सरळला तारेने बांधून वाकडा करायचा आणि मग भाच्याने मामाला द्यायचा, या कलेला मी हात जोडले. पाच सुया असतील तर हिमालयातला कैल किंवा जपानी पांढरा पाइन. दोन असतील तर जपानचे काळा आणि तांबडा हे दोघे.

मी मोजल्या, दोन भरल्या. हिने मोजल्या, तीन. तिसरी शेजारच्या जुडीतली आहे हे सिद्ध होईपर्यंत दिवेलागण झाली आणि त्या रात्री मला ताटात भाजी कमी वाढली गेली.

एवढ्यात मी पुस्तकातलं एक वाक्य मोठ्याने वाचलं. जपानी लोक पांढऱ्या पाइनचं कलम पुष्कळदा काळ्याच्या बुंध्यावर करतात, तेव्हा खालचं झाड एक आणि वरचं दुसरंच. मला वाटलं, हे ऐकून घरात गोंधळ होईल. पण आमचा धाकटा भाऊ द्राक्षवाला. तो पानतंबाखू मळता मळता म्हणाला, "त्यात काय? खाली डॉगरीज, वर शरद सीडलेस." आणि पुढे झुकून बुंध्यावर कलमाचा सांधा शोधायला लागला. सांधा नव्हता. म्हणजे दोन सुयांचा, एकाच कुळाचा. राहता राहिले काळा आणि तांबडा.

यांची पहिली खूण स्पर्शाची. काळ्याच्या सुया राठ, टोचणाऱ्या, तांबड्याच्या मऊ. मी हात लावला, टचकन टोचलं. म्हणजे काळा! भावाने हात लावला. "लोण्यासारखं आहे." म्हणजे तांबडा! त्याच्या तळहातावर चाळीस वर्षांचे फावड्याचे घट्टे आहेत, माझ्या हाताने खडूपेक्षा जड काही उचललेलं नाही. पुस्तकात हात कुणाचा धरायचा ते दिलेलं नव्हतं. हिने दोघांच्या सांगण्यावरून हात लावला आणि "भांडी घासायच्या काथ्यासारखं आहे" असं तिसरंच मत नोंदवलं.

आता एकच पुरावा उरला. काळ्या पाइनचा कोंब रेशमासारखा पांढरा, तांबड्याचा तांबूस. पण कोंब यायला हवा ना. माघ गेला, फाल्गुन गेला. रोज सकाळी चष्मा लावून मी कुंडीसमोर बसायचो, बारशाला आलेल्या आत्यासारखा. गुढीपाडव्याच्या सुमारास शेंड्यावर मेणबत्त्यांसारखं काहीतरी उभं राहायला लागलं. अजून रंग धरत नव्हतं. आठ दिवस थांबायचं ठरवलं आणि नेमकं त्याच आठवड्यात एका लग्नाला मंचरला दोन दिवस मुक्काम पडला.

परत आलो तर भाऊ ओट्यावर प्रसन्न मुद्रेने बसलेला. त्याच्या बागेची खरड छाटणी चालू होती. "कात्री हातात होतीच," तो म्हणाला, "म्हटलं दादाचंही उरकून टाकू. तूच म्हणाला होतास, जपानीसुद्धा उन्हाळ्यात कोंब खुडतात, म्हणजे सुया आखूड येतात."

म्हणालो होतो. पुस्तकातूनच वाचून दाखवलं होतं.

"पण काळजी करू नकोस, टाकले नाहीत. तुझ्या रंगाचं लक्षात होतं माझ्या." त्याने खिशातून कागदाची पुडी काढून माझ्या हातावर ठेवली. मी चष्मा पुसला, ओट्याच्या कडेला उजेडात गेलो, पुडी उघडली.

"छाटणी झाली की बोर्डो पेस्ट लावायचीच असते," तो मागून सांगत होता. "हात भरलेलेच होते."

कोंब निळे होते.