छोट्या हत्तीचा क्रॉस : नवशिक्यांसाठी

उत्तनहून पहाटे मासळी घेऊन निघालेल्या ‘छोटा हत्ती’ टेम्पोतून बर्फाचं खारट पाणी रस्ताभर गळतं. त्यातलं थोडं प्रोपेलर शाफ्टच्या सांध्यातल्या क्रॉसलाही मिळतं. सील मरतं, ग्रीस जातं, आणि क्लच सोडला की खालून ‘कट्’ ऐकू येतं. हा आवाज रेडिओ मोठा केल्याने महिनाभर बरा होतो. नंतर काशिमिऱ्याच्या गॅरेजात गाडीखाली शिरावंच लागतं.

आधी चाकांना दगड लावा. ‘गिअरमध्ये आहे, जाते कुठे?’ म्हणणाऱ्याला चहा आणायला पाठवा. शाफ्ट उतरला की गिअरचा चाकांशी संबंध संपतो.

मग शाफ्ट उतरवण्याआधी त्याच्या जोडांवर खुणा करा. खडू ग्रीसवर उमटत नाही, म्हणून पंचने टिंब मारा. इथे आळस नको. क्रॉस कोनात फिरला की पुढचा शाफ्ट दर फेऱ्यात दोनदा पळतो, दोनदा रेंगाळतो. दुसऱ्या टोकाचा क्रॉस तेवढाच उलटा वागून हिशेब मिटवतो, पण शाफ्टच्या दोन्ही टोकांचे, क्रॉस धरणारे योक एका रेषेत असले तरच. स्प्लाइनचा एक दात चुकला की गाडी थरथरते. 17व्या शतकात रॉबर्ट हूकने हे रेंगाळणं सूर्यघड्याळाच्या कामी लावायचं सुचवलं होतं. मासळीचा टेम्पो त्याच्या गावी नव्हता.

सर्कलिप काढताना एखादं उडतंच. शोधू नका, किटमध्ये नवी असतात. उडालेलं नव्यांपैकीच असेल तर मात्र शोधा.

जुना क्रॉस निघाला, आता नवा बसवायची खरी परीक्षा. कपात टाचणीएवढ्या सुया ग्रीसच्या भरवशावर उभ्या असतात. कप ठोकताना एक आडवी पडली की कप जरासा बाहेरच अडतो आणि सर्कलिपची खाच दिसत नाही. नवशिका म्हणतो, ‘अजून एक ठोका.’ त्याच ठोक्याने नवं किट भंगारात जातं. अडलं की काढा, सुया पुन्हा उभ्या करा. क्रॉसचा दांडा आधीच कपात थोडा सरकवून धरला तर त्या पडत नाहीत. बसल्यावर क्रॉस जड फिरत असेल तर योकच्या कानावर हातोडीची एक टिचकी द्या. कप सर्कलिपला टेकतो, क्रॉस मोकळा होतो.

शेवटी चारही सीलमधून डोकावेपर्यंत ग्रीस मारा. निपलचं तोंड गन पोहोचेल अशा बाजूला आहे ना, हे क्रॉस बसवण्याआधी पाहायचं होतं.

चाचणीला गायमुखाच्या घाटाकडे जाऊ नका. शाफ्टची थरथर वेगात कळते, आणि तिथल्या वाहनांच्या रांगेत कुठलाही शाफ्ट उत्तम चालतो. मालकाला मात्र तिथेच फिरवून आणा.